पडवीतून ऐकलेलं सार

माझगाव, मुंबई
२० जून १९६१

ती. मामंजी,

सत्यवती तुमच्या पायांवर डोकं ठेवते.

अंगाची हळद उतरली नाही आणि सून सासऱ्याला पत्र लिहिते, तेही नवऱ्याला न सांगता. तुम्हाला हा आगाऊपणा वाटेल. वाटू दे. काल मालवणहून आलेल्या, नेहमी इकडे-तिकडे ये-जा करणाऱ्या भाईंकडून कळलं, की वालावलच्या आत्याबाई पेरणीसाठी आपल्या घरी परत गेल्या. फाल्गुनात सासूबाई गेल्या, वर्षाच्या आत करायचं म्हणून आमचं लग्न लगेच उरकलं, आणि तेव्हापासून तुमची ही बहीणच तुमची चूल सांभाळत होती. आता घरात तुम्ही एकटे. मग जेवता काय हो?

नुसती चौकशी म्हणून विचारत नाही. ह्यांनी मनाशी ठरवलंय, की आईचं वर्षश्राद्ध झालं की मालवणचं घर बंद करायचं आणि तुम्हाला इकडे आणायचं. "बाबांका साधी चाय करूक येना नाय, एकटे रवले तर उपाशी मरतले," असं म्हणतात. एक भलंमोठं पितळी कुलूपसुद्धा आणून ठेवलंय. रोज केर काढताना ते मला खिडकीत दिसतं आणि मी त्याच्यावर फडकं टाकते.

तुम्ही आलात तर मला जड नाही, गैरसमज नको. पण लग्नानंतर मी तुमच्या घरी राहिले तेव्हा बघितलं ना. सकाळी उठून तुम्ही पडवीत बसता, समुद्राकडे बघून "आज वारो फिरलो" म्हणता, आणि मग तुमचा दिवस सुरू होतो. इथे आमच्या खोलीतून समोरच्या चाळीची वाळत घातलेली धोतरं दिसतात. तिथे काय बघाल?

वर्षश्राद्धाला हे येतील तेव्हा तुम्ही स्वतः रांधून नीट जेवताय असं त्यांना दिसलं, तर कुलूप लागणार नाही. हट्टी आहेत, पण डोळ्यांनी बघितलेलं नाकारत नाहीत. तेव्हा खरं काय ते लिहा.

तुमची,
सत्यवती


दांडी, मालवण
४ जुलै १९६१

चि. सौ. सत्यवती, सुखी राहा.

तुझं पत्र मिळालं. मी चौथीपर्यंत शिकलो आहे, म्हणून शुद्ध लिहितो. राग आला की मालवणी येईल, ती चालवून घे.

माझी काळजी कोणी करू नये. उभा जन्म गलबतावर काढला. तांडेल म्हणून खलाशांना हुकूम दिले, तुफानात शीड उतरवलं, मला दोन भांड्यांची काय भीती? सकाळी उकड्या तांदळाची पेज करतो. दुपारी भात आणि काहीतरी. परवा रात्री कुळीथ भिजत घातले आणि सकाळी त्यांची मऊसूत पिठी केली. वास सुटला तशी शेजारची हौसा कुंपणावरून ओरडली, "तांडेलानू, काय शिजवतास?" मी म्हटलं, तुका नाय मिळूची.

पाऊस चांगला आहे. मी मजेत आहे. ते कुलूप ज्याच्याकडून आणलं त्याला परत करायला सांग. नाहीतर नको सांगू, तू मला लिहितेस ते त्याला माहीत नाही ना.

गुणाजी


[पोस्टकार्ड]
माझगाव, १२ जुलै १९६१

ती. मामंजींना नमस्कार.

मामंजी, कुळथाची पिठी पिठाची असते. कुळीथ भिजत घालून उसळ होते, पिठी होत नाही. माझी आई गेली तेव्हा मी परकर नेसत होते, माहेरी तळेऱ्याला भावांना मीच रांधून घातलं. जेवणाच्या बाबतीत मला फसवू नका. आता ऐका. हौसाबाईंकडून वाटीभर कुळथाचं पीठ मागून आणा. लसूण ठेचा. तेलात लसूण आणि मिरची टाका, लसूण लाल झाला की पाणी, मीठ आणि आमसूल. पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्या, मग ओता आणि ढवळत राहा, हात थांबवू नका. दाट झाली की झाली. ती भातावर घेऊन खरोखर जेवा आणि मग पत्र लिहा.

सत्यवती


दांडी, मालवण
२३ जुलै १९६१

चि. सौ. सत्यवती,

गो बाये, कार्डार कित्याक लिवलंस! कार्ड म्हणजे काय चावडीवरची नोटीस? महादू पोस्टमनाने ते पडवीत येईपर्यंत तीनदा वाचलं. त्याने ते बाजारात सांगितलं, बाजाराने बंदरात. आता मी दिसलो की लहानथोर सगळे विचारतात, "तांडेलानू, पिठी पिठाची काय भिजवलेली?" ज्यांना मी दोरीची गाठ मारायला शिकवलं ते पण विचारतात. यापुढे पत्र बंद असेल तरच लिही. कार्ड आलं तर मी घेणार नाही, महादूला तसं सांगून ठेवलंय.

आता खरं ऐक. मी बाजारातल्या चहाच्या दुकानात जेवतो. जेवतो म्हणजे भजी आणि पाव खातो. रात्री शेंगदाणे नाहीतर खाजं. पेज केली होती, पण ती खाली लागली आणि मडक्याचा तळ काळा झाला. गलबतावर रांधायला भंडारी होता, घरी तुझी सासू यमुना होती. तिने मला चुलीजवळ कधी येऊच दिलं नाही. "तुमचे पाय वाळूचे, भायर रवा," असं म्हणायची. मी बाहेरच राहिलो. माझा दोष काय?

पण बाये, तू सांगितलंस तशी पिठी मी केली. पहिली गुठळ्या गुठळ्या झाली, कारण पीठ सरळ कढत पाण्यात टाकलं. तू गार पाण्यात कालवायला सांगितलं होतंस, ते मी पुढे वाचलंच नव्हतं. दुसरी झाली. तिसऱ्या दिवशी केली ती इतकी चांगली झाली, की मी भात संपल्यावर नुसतीच वाटीने प्यायलो. बाहेर धो धो पाऊस, आत चूल आणि मी एकटा पिठी पितोय. यमुना गेल्यापासून पहिल्यांदा पोट भरलं. लिहितानाही डोळ्यांत पाणी येतंय. चुलीचा धूर असेल.

पुढचं लिही. भाजी कसली करू? परसात शेगटाचं, म्हणजे शेवग्याचं, झाड आहे.

गुणाजी


माझगाव, मुंबई
९ सप्टेंबर १९६१

ती. मामंजींना नमस्कार.

मधल्या काळात आलेल्या तुमच्या तिन्ही पत्रांनी माझं मन भरलं. शेगटाच्या पाल्याची भाजी केलीत, घावणे तव्याला चिकटले तरी सोडले नाहीत, आणि आता हौसाबाई तुमच्याकडे उसनं खोबऱ्याचं वाटप मागायला येतात म्हणजे कमालच झाली. घावणे चिकटतात कारण तवा पुरता तापत नाही. कांदा अर्धा कापून तेलात बुडवून तव्यावर फिरवा. हात भाजल्याचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण अक्षर वाकडं आलंय त्यावरून कळलं. भाजलेल्या जागी खोबरेल लावा.

आता माझं रडगाणं ऐका. तुम्ही इतकं खरं लिहिता आणि मी लपवते, ते बरं नाही.

माझा स्वयंपाक ह्यांना आवडत नाही. भाजी, पिठी, उसळ सगळं खातात. पण मासे केले की ताटात तसेच राहतात. आम्ही घाटाच्या अंगाचे. आमच्याकडे मासा यायचा तो सुका, नाहीतर नदीतला. समुद्राच्या माशाला मी हात लावला तो इथे येऊन. बांगड्याचं सार करते, ते कडू होतं. हे ओरडत नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. घास घेतात, थोडा वेळ थांबतात आणि म्हणतात, "पोट भरला." मग रात्री कळतं, की गोदीतल्या दोस्ताच्या खोलीवर जाऊन जेवून आले. मला त्या दोस्ताच्या बायकोचा इतका राग येतो म्हणून सांगू!

परवा झोपेत "आये" म्हणाले. मी जागी होते. त्यांना आईच्या हातचं सार पाहिजे आणि ते मला येत नाही. कुणाला विचारू? तुम्हीच सांगा, सासूबाई बांगड्याचं सार कसं करायच्या?

तुमची,
सत्यवती


दांडी, मालवण
२१ सप्टेंबर १९६१

चि. सौ. सत्यवती,

तुझं पत्र वाचून मी लवूवर चिडलो. मेल्याक लाज नाय! आपल्या बायकोच्या हातचां सोडून दुसऱ्याच्या चुलीर जाता! मी त्याला लिहिणार होतो, पण लिहिलं तर आपलं दोघांचं फुटेल, म्हणून कागद ठेवून दिला.

तू विचारतेस, यमुना सार कसं करायची. मला काय ठाऊक? मी बघितलंच नाही. दोन दिवस डोक्याला हात लावून पडवीत बसलो. आणि तिथे बसल्या बसल्या आठवलं, की मी बघितलं नाही, पण ऐकलंय. गलबत बंदराला लागलं, की मी घरी येऊन पडवीत विडी ओढत बसायचो आणि ती आत माझ्यासाठी बांगडे करायची. इतकी वर्षं. भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. ते तुला लिहितो, त्यातून तुला काय समजतं ते बघ.

पहिल्यांदा आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, नारळ खवणं. खर्र खर्र. मग पाट्यावर वरवंटा. तो आधी कोरडा ओरडायचा, म्हणजे धणे आणि मिरची असणार. मग खोबरं पडलं की आवाज ओला व्हायचा. बराच वेळ चालायचं. मी विचारायचो, "झाला काय गो?" ती म्हणायची, "गुळगुळीत होऊक व्हया." शेवटी वरवंट्याचा आवाज जवळजवळ यायचाच नाही. मग पाणी टाकून पाटा धुतल्याचा आवाज. ते पाणी ती मडक्यातच घालायची, कारण बाहेर फेकल्याचं कधी ऐकलं नाही. फोडणीचा चर्र आवाज माशाला कधीच आला नाही. पिठीला यायचा.

मग थोडा वेळ काही नाही. सार उकळत असणार. आणि मग पाट्यावर हलके ठोके. टक टक, टक टक. जोरात नव्हे, सुपारी फोडावी तसे. ते झाले की झाकणाचा आवाज, आणि हाक यायची, "हात धुवा, वाढतंय." ते ठोके कशाचे ते मला आजवर कळलं नाही. पण ठोके पडले की तोंडाला पाणी सुटायचं.

माझ्याकडेही आता बोटी निघाल्यात, हौसा बांगडे आणून देते. पण माझं सार मातीसारखं लागतं. यमुनेची मासे शिजवायची मातीची कुंडली बाराव्याला बाहेर काढून फोडली. घरातली जुनी मडकी फोडायची रीतच आहे, कोणाला काय बोलणार? मी तेव्हा बोललो नाही. आज बोलावंसं वाटतं. नवी कुंडली बाजारातून आणली, तिच्यात काय शिजवलं तरी कुंभाराच्या अंगणाचा वास येतो. तू घाटाच्या अंगाची ना, तुम्ही मडक्यात रांधता. काय करू?

गुणाजी


माझगाव, मुंबई
६ ऑक्टोबर १९६१

ती. मामंजी, आज नुसता नमस्कार नाही, लोटांगण!

ते ठोके तिरफळाचे होते!

इथे खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला सांगितलं होतं, की तिरफळं मसाल्याबरोबर वाटायची. मी बियांसकट वाटत होते, म्हणूनच सार कडू व्हायचं. तुमचं पत्र वाचता वाचता मी उठले आणि उभीच राहिले. वाटण आधीच झालंय, सार उकळतंय, मग पुन्हा पाट्यावर काय ठेचायचं? आणि हलक्या हाताने का? तिरफळाशिवाय दुसरं काय असणार! बी काढून टाकायची, टरफलं जराशी ठेचायची आणि शेवटी सोडायची. सासूबाईंनी भिंतीपलीकडून मला शिकवलं, असं वाटलं.

लगेच बांगडे आणले. तुमच्या कानांनी सांगितलं तसं केलं. वरवंट्याचा आवाज येईनासा होईपर्यंत वाटलं, पाटा धुतलेलं पाणी टाकलं नाही. ह्यांना वाढलं आणि मी मुद्दाम पाठ करून चुलीकडे तोंड करून बसले. बघायचं धैर्य नव्हतं. मग ताट पुढे सरकवल्याचा आवाज आला आणि म्हणाले, "भात घाल." मी घातला. परत म्हणाले, "सार घाल." तोंडातून कौतुकाचा शब्द नाही हो! बोटं चाटून झाली, हात धुतले आणि जाऊन गॅलरीत उभे राहिले. मी बोलवायला गेले तर म्हणतात, "वारो घेतंय." डोळे लाल होते. मी आत येऊन तोंडात पदर कोंबून रडले. आनंदाने रडले, काळजी करू नका.

त्या दोस्ताच्या बायकोकडे आता फिरकत नाहीत.

कुंडलीचं सोपं आहे. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. मग काही दिवस तिच्यात फक्त तांदळाची पेज शिजवा, पेजेने मातीची भोकं बुजतात. त्यानंतर एकदा नारळाचा रस उकळा. मग मासा. आणि एकदा माशाची झाली की तिला राखेने घासू नका, नुसती कोमट पाण्याने धुवा. दर खेपेला चव सुधारेल. घाई करू नका, तिलाही माणसाळायला वेळ लागतो.

तुमची,
सत्यवती


दांडी, मालवण
१४ डिसेंबर १९६१

चि. सौ. सत्यवती,

दिवाळीला पाठवलेल्या चकल्या मिळाल्या. भाईंबरोबर सोलं म्हणजे आमसुलं, सुका जवळा आणि तिरफळांची पुडी पाठवली आहे. तिरफळं वालावलच्या आक्काच्या, म्हणजे तुझ्या आत्याबाईंच्या, आगरातली आहेत.

कुंडली पेजेने वठणीवर आली. माती गेली. पण मी पुन्हा माती खाल्ली, ती सांगतो, तू हसशील. गलबतावर गोडं पाणी जपून वापरायचं असतं, म्हणून भंडारी जेवणात थोडं समुद्राचं पाणी घालायचा, वेगळं मीठ लागायचं नाही. मला वाटलं यमुनेला ही युक्ती ठाऊक नसणार, आपण तिच्यावर कडी करू. किनाऱ्यावर जाऊन तांब्याभर खारं पाणी आणलं. ते घातलं. आंबटाला सोलं संपली होती, म्हणून आगळ घातलं. आगळात कोकमाबरोबर मीठ असतं हे मला कोणी सांगितलं होतं? आणि सवयीने चिमूटभर मीठही टाकलं. एक घास घेतला आणि डोळ्यांसमोर मिठागर उभं राहिलं! हौसाच्या मांजराला घातलं, ते वास घेऊन माझ्याकडे बघत बसलं. मग हौसा इतकी हसली, की कुंपण धरून खाली बसली. म्हणाली, "तांडेलानू, समुद्र बुडवून खातास काय?"

तेव्हापासून विहिरीचं पाणी, सोलं, आणि मीठ शेवटी चव बघून. काल सार केलं. ठोके मी स्वतः मारले, आणि मारताना कान देऊन ऐकले. जरा जोरात पडले होते. अजून हलका हात पाहिजे. पण चव, बाये, उंबऱ्यापर्यंत आली आहे. आत यायची बाकी आहे.

आता मी चहाच्या दुकानात जात नाही. मालक विचारत होता, तांडेल रागावले की काय. मी म्हटलं, माका घराक जेवण आसा.

गुणाजी


माझगाव, मुंबई
१८ जानेवारी १९६२

ती. मामंजींना नमस्कार.

तिरफळं मिळाली. पुडी उघडली तशी सगळी खोली मालवण झाली. पण खरं सांगू का, मला सध्या काही सोसत नाही. फोडणीचा वास आला की मळमळतं. ज्या बांगड्यासाठी इतका जीव टाकला त्याच्याकडे बघवत नाही. ह्यांना मीच सांगते, आता काही दिवस तुम्हीच दोस्ताकडे जा जेवायला. तर जात नाहीत, पिठी-भात खातात. मला मात्र कच्ची चिंच आणि कैरी आठवते. ह्या दिवसांत कैरी कुठली मिळायची?

वर्षश्राद्धाला मला यायला मिळेल असं वाटत नाही. इथल्या नर्सबाई म्हणतात, एस.टी.चे धक्के नकोत. हे एकटेच येतील. कुलूप अजून खिडकीतच आहे. तुम्ही सराव सोडू नका.

तुमची,
सत्यवती


दांडी, मालवण
३० जानेवारी १९६२

चि. सौ. सत्यवती,

तुला पित्त झालं आहे. मुंबईचं पाणीच तसं. सकाळी अनशापोटी ओवा चाव, आणि नारळाच्या रसात सोलं कुस्करून सोलकढी पी, मिरची न घालता. चिंच अजिबात खाऊ नकोस, पित्त वाढेल. आणि नर्सबाई पित्ताला एस.टी. का वर्ज्य करते ते मला कळलं नाही. मुंबईत काहीही सांगतात.

श्राद्धाच्या जेवणाची काळजी नको. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि खीर करायला आक्का येणार आहे. पण दुसऱ्या दिवशीचं जेवण मीच करणार, आणि ते बांगड्याचं.

भीती वाटते गो. तुफानात वाटली नव्हती अशी. मी मुंबईला आलो तर तुम्ही मला जेवायला घालाल, प्रेमाने घालाल, ठाऊक आहे. पण मी ताटावर बसून वाट बघणारा म्हातारा होईन. इथे मी सकाळी उठतो तो आज काय रांधायचं, या विचाराने. हे मला ह्या वयात मिळालं आणि ते सोडवत नाही.

गुणाजी


दांडी, मालवण
२६ मार्च १९६२

चि. सौ. सत्यवती,

आज लवू परत निघाला. तो पोचायच्या आधी हे पत्र मिळो न मिळो, पण मला आत्ताच लिहायला पाहिजे.

आला तेव्हा पहिल्यांदा पिशवीतून कुलूप काढून खिडकीत ठेवलं. मी बघितलं आणि चुलीकडे गेलो. श्राद्ध नीट झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे आक्का वालावलला गेली आणि मी चुलीशी बसलो. लवू पडवीत बसला, मी बसायचो त्याच जागी. आतून ऐकू येत होतं, की तो नुसता बसून आहे. मी वाटप वाटलं. आवाज येईनासा होईपर्यंत वाटलं, घाम फुटला. मग सार उकळलं आणि मी तिरफळं ठेचली. टक टक. हात हलका पडला, माझा मलाच कळला. आणि पडवीतून लवूच्या उठण्याचा आवाज आला. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "हात धू, वाढतंय."

जेवायला बसला. पहिला घास घेतला आणि थांबला. मला वाटलं, आता म्हणेल, आयेची चव. वर्षभर त्याच एका शब्दासाठी मी चूल फुंकली. तर तो काय म्हणाला ठाऊक आहे?

"बाबानू, ह्यां कोणी केल्यान?"

"कोण करतलो? मी केलंय."

"नाय. ह्यां तर सत्यवतीच्या हातचां लागता."

बाये, आधी मला कसंतरीच झालं. मेल्या, तुझ्या आवशीची चव ती, आवशीक विसारलंस, असं अगदी ओठांवर आलं होतं. मग मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो पोटभर जेवत होता, घरी बसून जेवणाऱ्या माणसासारखा. तो आईला विसरलेला नाही. तिची चव आता त्याच्या घरात रोज शिजते, म्हणून त्याला ती तुझी वाटते. मी मनात म्हटलं, यमुने, ऐकलंस काय? आणि मला इतकं बरं वाटलं, की मीही दोनदा भात घेतला.

आज सकाळी निघताना कुलूप हातात घेऊन म्हणाला, "ह्यां मांगराक लावा. नारळ चोरीक जातत." एवढंच. घराबद्दल शब्दसुद्धा काढला नाही. मी कुलूप मांगराला, नारळ ठेवायच्या खोपटाला, लावलं.

आणि दुसरी गोष्ट. तो गेल्यावर मी हौसाला तुझ्या पित्ताबद्दल सांगितलं. चिंच, कैरी, मळमळ, नर्सबाई सगळं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "तांडेलानू, तां पित्त न्हय!"

अगो, तू माका सरळ लिवक नाय कित्याक? मी ओवा चावायला सांगत बसलो!

गुणाजी


माझगाव, मुंबई
५ एप्रिल १९६२

ती. मामंजींना नमस्कार.

सासऱ्याला असलं काही सरळ लिहितात का हो? लाजेने मेले असते. पण तुमचा ओवा मी चावला, आणि बरं वाटलं.

ह्यांना आता आपल्या पत्रांचं सगळं सांगितलं. तुमची पत्रं वाचायला दिली. पिठीच्या कार्डाचा बोभाटा आणि समुद्राचं पाणी वाचून खो खो हसले, आणि पडवीतल्या आवाजांचं पत्र दोनदा वाचलं. म्हणाले, "म्हणान माका तो आवाज वळखीचो वाटलो."

आता एक मागते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. तळेऱ्याहून भावांची पत्रं आली, वहिन्या बोलावतात, चांगल्या आहेत. पण माझी आई नाही. मामंजी, मी सगळ्यांना रांधून घालत मोठी झाले. "तू काय जेवलीस?" असं मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या पोटात काय जावं याची काळजी पहिल्यांदा तुमच्या ओव्याच्या पत्रात दिसली. तुम्हाला चालत असेल, तर मला मालवणला यायचंय. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत, मे महिन्यात येईन. बोटीत एस.टी.चे धक्के नाहीत, नर्सबाईही हो म्हणाल्या. हे म्हणतात, बाबांना झेपेल का? मी म्हटलं, त्यांनाच विचारते.

नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही.

तुमची,
सत्यवती


दांडी, मालवण
१४ एप्रिल १९६२

चि. सौ. सत्यवती,

ये.

झेपेल का म्हणून विचारणाऱ्याला सांग, ज्याने तुफानात गलबत आणलं त्याला एक बाळंतीण जड नाही. न्हाऊमाखू घालायचं हौसाने आपण होऊन अंगावर घेतलंय. ती माझ्या चुलीकडेही डोळा ठेवून होती, पण चूल मी तिच्या हातात देणार नाही, तसं आजच सांगितलं. पडवीतली माझी जागा तुला. तू नुसतं बसायचं आणि ऐकायचं. काय शिजतंय ते आवाजावरून सांगायचं, चुकलं तर मी आतून हसणार.

कैऱ्यांचे घोस हौसाच्या झाडाला लागलेत. मी तिला बजावलंय, की मे महिन्यापर्यंत एकही काढायची नाही. पाळण्यासाठी आढ्याला कडी आहे, लवूच्या वेळची. काल शिडी लावून तिला तेल दिलं.

आता एक अडचण आहे. डिंकाचे लाडू आणि आळिवाची खीर मला येत नाही. त्यांचा आवाजही आठवत नाही, त्या वेळी मी गलबतावर होतो. तेव्हा कसं करतात ते लगेच लिही, सरावाला वेळ मिळेल. डिंक तुपात किती फुलवायचा ते नीट लिही.

आणि या खेपेला कार्डावरच लिही. महादूला वाचू दे, बाजाराला कळू दे, बंदरावरच्या सगळ्यांना कळू दे, की तांडेलाच्या घरी सून बाळंतपणाला येतेय आणि रांधणार आहे तो स्वतः.

गुणाजी